बाळाची वजनं, बाजाराची वजनं

मी बोलतोय, मखमलाबादच्या चिमाजीचा फुलं जोखायचा तराजू. लोखंडाची दांडी, पितळेची दोन पारडी, सहा साखळ्या आणि मधोमध एक काटा, एवढाच माझा पसारा. पारड्यात टाकाल ते मी जोखतो. झेंडू असो, शेवंती असो, माझ्या तोंडून खोटं निघत नाही. ती कला माणसाची.

चिमाजीनं मला नाशकातल्या भांडीबाजारातून आणलं, तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. माझ्याबरोबर वजनंही आली, दोन किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत, सरकारी छापाची. पहिल्या दसऱ्याला त्याच्या बायकोनं, भागुबाईनं, मला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि म्हणाली, "लक्ष्मी हाय ही आपली." मला बरं वाटलं. मी तेव्हा नवा होतो, माणसं ओळखायची होती.

दोन वर्षांत चिमाजीनं वजनांचा दुसरा जोड आणला. दिसायला तोच, पण एका ओळखीच्या लोहाराकडून बुडं पोखरून घेतलेला. किलोचं वजन नऊशेच ग्रॅम भरायचं, दोन किलोचं अठराशे. पोकळी दिसू नये म्हणून खालून लाखेचा पातळ थर दिलेला. छापाची खरी वजनं गेली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, पलंगाखाली. वर्षातून एकदा वजनमापाचे साहेब तपासायला आले की डबा बाहेर यायचा, साहेब गेले की आत जायचा.

गोदाकाठच्या फुलबाजारात पंचवीस वर्षं लोकांनी किलो म्हणून नऊशे ग्रॅम फुलं नेली. कुणी देवाला वाहिली, कुणी नवरदेवाच्या गळ्यात घातली, कुणी मढ्यावर टाकली. चिमाजी वरून दोन फुलं जास्तीची टाकायचा आणि म्हणायचा, "घ्या, आपल्याकडं मापात पाप नाय." तेव्हा माझ्या साखळ्या थरथरायच्या. लोकांना वाटायचं वारा आला.

मग सत्त्याण्णवच्या आषाढात योगिनी जन्मली. चिमाजीचा मुलगा सोमनाथ आणि सून मंजुषा, यांची पहिली मुलगी. मंजुषा सिन्नरची, बारावी शिकलेली. लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नाही म्हणून तिला काय काय ऐकावं लागलं, ते मी ओसरीवर लटकून सगळं ऐकलेलं आहे. पोर झाली आणि तीच तोंडं एका दिवसात गोड झाली.

आणि काय सांगू, त्या एवढ्याशा पोरीनं घर पार उलटंपालटं केलं. ज्या चिमाजीनं सख्ख्या भावाच्या दहाव्यालाही बाजार चुकवला नव्हता, तो पोरीला उचकी लागली म्हणून उशिरा निघायला लागला. सोमनाथचं मोटारसायकलचं वेड गेलं आणि तो मेन रोडला झबली शोधत फिरू लागला. फवारणीचा पंप अंगणातून थेट विहिरीपलीकडे गेला, कारण काय, तर औषधाचा वास पोरीला बाधेल. फुलं तोडायला येणाऱ्या बायकांची तान्ही पोरं इतकी वर्षं त्याच वासात बांधावर निजत होती. तेव्हा या घरातल्या एकाच्याही नाकाला तो वास आला नव्हता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय?

मलाही नवीन काम लागलं. दर सोमवारी मला धुऊन ओसरीच्या तुळईला टांगायचे, गोधडीचे दोन सारखे तुकडे दोन्ही पारड्यांत घालायचे आणि योगिनीला जोखायचे. भागुबाई आधी कुरकुरली.

"तान्ह्या लेकराला तोलू नाय. दृष्ट लागती."

"आपल्याच माणसांची कुठं दृष्ट लागती व्हय?" चिमाजी म्हणाला.

आणि समोरच्या पारड्यात वजनं कुठली? बाजारातून आलेल्या पिशवीत हात घालायचे आणि तीच पोकळ वजनं ठेवायचे. मुद्दाम नव्हे हो. पंचवीस वर्षं ती हाताळून त्यांना तीच खरी वाटायला लागली होती. गणपतीच्या आधी एका सोमवारी योगिनी पाच किलो भरली. भागुबाईनं आळीत घरोघर साखर वाटली. पोर खरी होती साडेचार किलोची, आणि चांगली बाळसेदार होती. पण मला कोण विचारतो?

पुढचा सोमवार गणपतीच्या गर्दीत गेला. मग लसीचा दिवस आला. चिमाजी, भागुबाई आणि मंजुषा पोरीला घेऊन अंगणवाडीत गेले आणि परत आले ते तोंडं पाडून. ओसरीवर बसून भागुबाईनं सोमनाथला सगळं सांगितलं. नर्सबाईच्या काट्यावर योगिनी चार किलो सहाशे भरली होती.

"पाच किलोचं लेकरू साडेचारावर आलं रे. वाळत चाललीया पोर."

"पण आत्या, नर्सबाई तर म्हणाल्या, वजन छान आहे," मंजुषा म्हणाली.

"तिचं काय जातंय म्हणायला? आपलं वजन खोटं हाय का मग?"

यावर चिमाजीनं बोलायचं होतं. तो उठला, पिशवीतून किलोचं वजन काढलं, उलटं केलं, लाखेवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवून दिलं. त्याला कळलं होतं, ते मी डोळ्यांदेखत पाहिलं. पण बाजारात दिवसभर ज्याची जीभ टाळ्याला लागत नाही, त्याला घरात एक वाक्य बोलवेना.

"आता तोलायचं नाय," भागुबाईनं जाहीर केलं. "त्या तोलण्यानंच दृष्ट लागली." चिमाजीनं लगेच मान हलवली. त्याला बरंच झालं की.

मग सगळं खापर फुटलं मंजुषाच्या डोक्यावर. तिचं दूध पातळ, ती नीट खात नाही, तिचं पाजण्यात लक्ष नाही. शेजारणी येऊन एकेक सल्ला टाकून जायच्या. पोर हसत होती, पाय झाडत होती, ओसरीभर ओरडत होती. पण पोरीकडे बघतंय कोण? सगळे त्या हरवलेल्या अर्ध्या किलोच्या मागे लागले होते, जो कधी नव्हताच. मंजुषा सुरुवातीला भांडली, मग गप्प झाली, मग तिला स्वतःलाच खरं वाटायला लागलं. पोरीला घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची आणि रडायची. तेव्हा मला चिमाजीची किळस आली.

शेवटी भागुबाईनं गाईचं दूध आणि बाटली सुरू केली. आठवड्याच्या आत योगिनीला जुलाब लागले. दसऱ्याला दोन दिवस उरले असताना पोरीची टाळू खोल गेली, डोळे निस्तेज झाले, आणि सोमनाथ तिला छातीशी धरून दवाखान्यात पळाला. एवढ्याशा हाताला सलाईन लावलं.

शेतात झेंडू भरून उभा होता. दसऱ्याचा बाजार म्हणजे या घराचा वर्षाचा घास. चिमाजी गेला नाही. कुणीच गेलं नाही. फुलं झाडावर सुकली आणि तीन दिवस घराला कुलूप राहिलं. पोरीसाठी या माणसानं अख्खा दसरा सोडला. फक्त खरं बोलणं तेवढं त्याला परवडलं नाही.

पोर वाचली. चौथ्या दिवशी सगळे घरी आले. डॉक्टरांनी बजावलं होतं की बाटली बंद करा, आईचं दूध पुरेसं होतं आणि आहे. ते ऐकल्यापासून मंजुषाच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ती किराणा दुकानातून मिठाची किलोची बंद पुडी घेऊन आली, मला तुळईला टांगलं आणि एका पारड्यात पुडी, दुसऱ्यात चिमाजीचं किलोचं वजन ठेवलं.

पुडीचं पारडं धपकन खाली गेलं. मला इतका आनंद पंचवीस वर्षांत झाला नव्हता.

तिनं शंभर ग्रॅमचं वजन आणखी टाकलं, तेही पोकळच. पुडी तरी खालीच. मग तिनं वजन उलटं केलं आणि नखानं लाख खरवडली. चिमाजी समोर चहा पीत बसला होता.

"मामा, किलोची पुडी अकराशेच्या वर भरती."

चिमाजीनं कप खाली ठेवला.

"माझी पोर वाळलीच नव्हती. माझं दूधपण पातळ नव्हतं. तुम्हाला म्हाईत होतं?"

"अंगणवाडीत चारचौघी बसल्या व्हत्या," चिमाजी म्हणाला. "त्यांच्यापुढं काय सांगणार व्हतो मी?"

"घरी आल्यावर? मी रोज रडत होते तेव्हा?"

भागुबाई दारात येऊन उभी राहिली होती. "अगं बाई," ती कपाळाला हात लावून म्हणाली, "ती बाजाराची वजनं नव्हं का! माझ्या ध्यानातच नाय आलं." माफी दोघांपैकी एकानंही मागितली नाही. चिमाजी पलंगाखाली वाकला आणि बिस्किटांचा डबा बाहेर काढून सुनेपुढे ठेवला.

त्या दिवसापासून योगिनीला खऱ्या वजनांनी जोखायला लागले. पावकिलो वाढली की घर खूश. मी वेडा, मला वाटलं आता या घराचे डोळे उघडले. डबा उघडलाय तर वजनं बाजारातही येतील. एवढं पोरीच्या जिवावर बेतल्यावर कुणाला शहाणपण येणार नाही? पण बाजाराच्या पिशवीत तीच पोकळ वजनं राहिली. मंजुषानं खरवडलेल्या जागी चिमाजीनं नवी लाख लावली.

योगिनी अकरा महिन्यांची झाली, धरून उभी राहायला लागली. चिमाजीचे गुडघे दुखायला लागले, म्हणून मंजुषा त्याच्याबरोबर बाजारात बसायला लागली. मी तिच्याकडे आशेनं बघत होतो. या घरात खोट्या वजनाचा मार खाल्ला असेल तर तिनंच. पहिल्याच दिवशी चिमाजीनं गडबडीत डब्यातली वजनं पिशवीत भरली. मंजुषानं ती एकेक करून बाहेर काढली.

"मामा, ही बाळाची. बाजाराची त्या कोनाड्यात हायेत."

मी ऐकलं आणि गप्प बसलो. तसाही मी गप्पच असतो.

परवा एक बाई आली, कडेवर सहासात महिन्यांचं मूल. त्याच्या उष्टावणासाठी तिला अर्धा किलो शेवंती हवी होती. मंजुषानं त्या मुलाच्या हातात एक फूल दिलं, त्याचा गाल कुरवाळला, वजन किती भरलं ते विचारलं. बाई म्हणाली, एका दुकानाच्या काट्यावर केलं होतं, जरा कमीच वाटतंय.

"असं कुठंही करू नका ताई," मंजुषा अगदी मनापासून म्हणाली. "लोकांची वजनं खोटी असतात. लेकराच्या जिवावर बेततं."

आणि तिनं माझ्या पारड्यात अर्ध्या किलोचं पोकळ वजन ठेवलं. समोर साडेचारशे ग्रॅम शेवंती पडली, माझा काटा मध्यावर येऊन उभा राहिला. बाई दोनदा धन्यवाद म्हणून गेली.

आता माझ्या साखळ्या झिजल्यात, एका पारड्याला पोचा आलाय. मोडीत जाईन तेव्हा जाईन. तोवर तुम्हाला एक सांगून ठेवतो. फुलं घ्यायला आलात की नुसतं माझ्याकडे बघू नका, मी काही बोलणार नाही. ते वजन हातात घ्या आणि उलटं करून बघा. समोरची बाई चिडेल, म्हणेल, आम्हीपण लेकराबाळांचे आहोत. ते खरंच आहे. तरीही बघा.