गच्चीवरचे सहा डबे

"तेल तापलंय, कांदा हातात, आणि थांबा म्हणे," शेजारच्या करिमुन्निसा भाभी माझ्या कानाशी पुटपुटल्या. कढई त्यांनी गॅसवरून उचलून अधांतरी धरली होती. "कांदा जरा चर्र वाजला तर काय समुद्र आटतो काय?"

'समुद्र' हा शब्द तोंडातून गेला आणि त्यांनी ओठ दाताखाली धरला. मग आम्ही दोघी गुपचूप भिंतीकडे बघत उभ्या राहिलो. बाहेरच्या खोलीतल्या घड्याळात सव्वाअकरा वाजून एक मिनिट झालं होतं. अजून दोन मिनिटं कांद्याला परवानगी नव्हती.

ते घड्याळ भंगारात निघालेल्या बोटीवरचं. भाभींचे नवरे फजलभाई तीस वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. समुद्रावर म्हणे नियमच असतो. दर तासाला पंधराव्या मिनिटापासून तीन मिनिटं आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन मिनिटं, सगळ्या जहाजांनी तोंड बंद ठेवून नुसतं ऐकायचं. कोणी बुडत असेल आणि त्याचा आवाज क्षीण असेल, तर दुसऱ्यांच्या बडबडीत तो हरवू नये. विसरायला नको म्हणून घड्याळावर तेवढ्या दोन फाका लाल रंगवलेल्या. फजलभाई रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती. आधीची पाच वर्षं ते घड्याळ पाहुण्यांना दाखवायचं होतं. पंच्याण्णवच्या सप्टेंबरपासून त्यांनी तो नियम घरात लावला.

सप्टेंबरमध्ये त्यांचा मुलगा मुझम्मिल उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने गेला होता. समुद्राची खोली मोजणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो कामाला होता. लाँच उलटली. बरोबरचे दोघे सापडले, एक त्याच दिवशी, एक तीन दिवसांनी रेवसच्या बाजूला. मुझम्मिल सापडला नाही. सापडला नाही, एवढंच. त्यापुढचं वाक्य त्या घरात, आमच्या जिन्यात, अख्ख्या सोसायटीत कोणी उच्चारलं नव्हतं. भाभींनी ईदेला त्याच्या मापाचा कुर्ता शिवून घेतला, आणि मी "रंग छान आहे" म्हटलं. मी तरी कुठली धीट!

माझा नवरा गेला तेव्हा इस्पितळातल्या माणसाने कागद पुढे करून "बाई, पेशंट एक्सपायर, इथं सही," असं उभ्याउभ्या सांगितलं होतं. तेव्हा त्या माणसाचा फार राग आला होता. आता वाटतं, त्याने माझं काम सोपं केलं.

मुझम्मिलच्या कमरेला त्या दिवशी हातातला छोटा वायरलेस सेट होता. बापाचं वेड लेकात उतरलेलं. तो हॅम होता, म्हणजे सरकारी परीक्षा देऊन हौसेने रेडिओवर बोलणारा. लग्न झाल्यावर त्याने बायकोलाही परीक्षेला बसवलं. लोक महाबळेश्वरला जातात, मुझम्मिल आणि सना टेबलावर बोटं आपटून मोर्स शिकत बसले. पण हातातल्या सेटचा आवाज लांब जात नाही. म्हणून वर्षभर तो बापाच्या मागे लागला होता की आपल्या गच्चीवर रिपीटर लावू. म्हणजे असं यंत्र, जे उंचावरून बारीक आवाज झेलतं आणि त्याच क्षणी मोठ्या ताकदीने पुन्हा सोडतं. सामान जमवून झालं होतं. टॅक्सीवाल्यांचे जुने दोन वायरलेस सेट, ट्रकची बॅटरी, ॲल्युमिनियमचे पाइप. फजलभाई म्हणायचे, "पावसाळा होऊ दे. ओल्या गच्चीवर कोण चढतो!"

पावसाळा संपायच्या आत ते झालं.

आणि जानेवारीत फजलभाईंनी ते सामान पलंगाखालून बाहेर काढलं. माझं दार वाजवून म्हणाले, "गोजराबाई, तुमचा हात हवाय."

मी पावणे गावच्या एमआयडीसीत, कॉइल गुंडाळायच्या कारखान्यात सोळा वर्षं काढली. शाळा सातवीपर्यंत, तीही लातूरकडच्या औशाची. पण सोल्डरिंग मी सुपरवायझरांच्या पोरांना शिकवलंय. मी विचारलं नाही कशासाठी, त्यांनी सांगितलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी हौसेराव तर चक्क स्वतः वर आले. मुझम्मिलचा अर्ज त्यांनी तीनदा परत पाठवला होता, 'टीव्हीवर रेघा येतील' म्हणून. आता स्लिपर घालून दारात उभे, हातात सही केलेलं पत्र. "लावा हो फजलभाई. रेघा काय, येतात नि जातात," म्हणाले आणि चहा न घेता पळाले. परवाना हॅम लोकांच्या क्लबच्या नावावर मिळाला. क्लबातल्या मंडळींनीही काही विचारलं नाही.

दोन महिने आम्ही राबलो. नेरूळची ती उन्हं, चौथ्या मजल्यावरची गच्ची, फजलभाई बासष्ट वर्षांचे. पाण्याच्या टाकीवर वीस फुटांचा लोखंडी पाइप उभा केला, चारी बाजूंनी ताणाच्या तारा बांधल्या. वरच्या टोकाला ऐकायचा अँटेना, त्याच्या बराच खाली बोलायचा. टाकीखालच्या खोलीत यंत्र. आता गंमत अशी की हे यंत्र एकाच वेळी ऐकतं आणि बोलतंही. स्वतःच्याच आवाजाने ते बहिरं होऊ नये म्हणून मध्ये तांब्याचे सहा डबे लागतात, दुधाच्या बरण्यांएवढे. प्रत्येकाच्या डोक्यावर एक स्क्रू. तो स्क्रू तंतोतंत जागी आला तरच यंत्राला ऐकू येतं, पाव आटा चुकला की ठार बहिरं. डबे आम्ही पावण्याच्या एका लेथवाल्याकडून करून घेतले. स्क्रू फजलभाईंनी मीटर बघत बघत जुळवले आणि प्रत्येकावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. कारखान्याची सवय. जुळवलेल्या स्क्रूवर ठिपका द्यायचा, म्हणजे तो हलत नाही, आणि हलवला तर ठिपका तडकून दिसतो.

चौदा एप्रिलला आमच्या लोकांची जयंतीची मिरवणूक खालच्या रस्त्याने जायची होती. मी मंडळाच्या ज्योतिबाला आदल्या दिवशीच गाठलं. म्हटलं, "सव्वासातला तीन मिनिटं बॅन्जो थांबवाल का? आमच्या बिल्डिंगमधे एक म्हातारं मानूस हाय." ज्योतिबाने माझ्याकडे पाहिलं, वर गच्चीतल्या पाइपकडे पाहिलं. "मुझम्मिलचे वडील ना? थांबवतो, मावशी." आणि खरंच, आमच्या बिल्डिंगखाली पाचशे माणसं निळे झेंडे घेऊन तीन मिनिटं गप्प उभी राहिली. फजलभाई खिडकीत कानाला हेडफोन लावून बसले होते. सगळं गावच सामील झालं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

कारण ह्या सगळ्यात सना अडकली होती. तेवीस वर्षांची. हातात बांगड्या होत्या, पण त्या वाजू नयेत म्हणून ती कोपरापर्यंत सरकवून ठेवायची. तिला कोणी विधवा म्हणत नव्हतं, म्हणून तिने इद्दत, म्हणजे विधवेने घरात पाळायचा चार महिने दहा दिवसांचा शोक, पाळली नव्हती. आणि सुहागन म्हणावं तर मेंदी लावायला कोणी बोलवत नव्हतं. एप्रिलच्या शेवटी तिचा भाऊ शोएब म्हसळ्याहून आला. तिथल्या शाळेत जूनपासून शिक्षिकेची जागा होती. सनाचं डी.एड. झालेलं, हेडमास्तर ओळखीचे. मेअखेर कळवायचं होतं.

"चाचा, तिला घेऊन जाऊ?" शोएबने विचारलं.

फजलभाई सोल्डरची तार सरळ करत होते. "मुझम्मिल आला म्हणजे बघू," म्हणाले. "आधी मशीन तर ऐकू दे."

शोएबने माझ्याकडे पाहिलं. मी इस्त्रीसारखी गरम सोल्डरिंग गन हातात धरून उभी, आणि मला भाताची आठवण आली म्हणून मी घरी निघाले. भात मी लावलाच नव्हता.

मशीन काही ऐकेना. रोज दुपारी चाचणी. पनवेलहून क्लबातले किसनराव बोलायचे, आणि इकडे नुसती खरखर. फजलभाई म्हणायचे, "अजून थोडा फॉल्ट आहे. थोडाच." एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी सगळे जोड तपासले. केबल बदलली. मग एका दुपारी यंत्राच्या खोलीत वाकून डबे पुसताना बघते तर चौथ्या डब्यावरचा माझा ठिपका तडकलेला. मी दुसरा दिला. दोन दिवसांनी दुसऱ्या डब्यावरचा तडकला.

"उन्हाने होतं," फजलभाई म्हणाले.

उन्हाने नेलपॉलिश तडकेलही. पण उन्हाला स्क्रूड्रायव्हर धरता येत नाही. मी खाली आले, पायरीवर बसले आणि मला त्या माणसाचं सगळं गणित एकदम दिसलं. मशीन बहिरं आहे तोवर मुझम्मिल बोलत असेल, फक्त इथवर पोचत नसेल. ज्या दिवशी मशीन नीट ऐकायला लागेल, त्या दिवसानंतर ती तीन मिनिटं नुसती रिकामी असतील.

सनाला मी सांगितलं. इतरांना टाळता आलं, तिला नाही आलं. ती खरकटी भांडी घासत होती. घासतच राहिली. मग म्हणाली, "गोजरामावशी, तुम्ही माझ्याबरोबर मोऱ्याला याल? मेअखेर पावसाळ्यासाठी होड्या वर ओढतात. त्याआधी. मला तिथून टेस्ट घ्यायचीय."

मोऱ्याला जायच्या दिवशी सकाळी सहाला मी गच्चीवर गेले. स्क्रू मुळात कुठे होते ते मी पहिल्यांदा जुळवले तेव्हाच खिळ्याने ओरखडून ठेवलं होतं. एकेक जागेवर आणला, वर ठिपका दिला. मागे चाहूल लागली. करिमुन्निसा भाभी, डोक्यावर ओढणी, कमरेवर लाल मिरच्यांचं सूप.

"काय करतेस?"

"ठिपके देते."

भाभींनी सहाही डबे नीट बघितले. मग त्या खोलीच्या दारातच त्यांनी चादर अंथरली, मिरच्या पसरल्या आणि मधोमध बसल्या. "जा तू," म्हणाल्या. "आज दिवसभर मिरच्या वाळवतेय मी. कोन आत जातो ते बघतेच." म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे.

उरणची एसटी, मग रिक्षा. मोऱ्याच्या धक्क्यावर मारोती नाखवाला सनाने जागा सांगितली, पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयाच्या पलीकडची. त्याने 'कशाला' विचारलं नाही. त्यालाही ती जागा माहीत होती. होडीत इंजिनाचा धूर. मला पोहता येत नाही, आणि हे मला धक्का सोडल्यावर आठवलं. सना क्लबाने दिलेला सेट मांडीवर घेऊन ताठ बसली होती. बोयाच्या पुढे मारोतीने इंजिन बंद केलं. पाणी राखाडी होतं आणि अगदी साधं होतं. एवढ्या लांबून नेरूळच्या बिल्डिंगी काड्यापेट्यांसारख्या दिसत होत्या.

सनाने बटण दाबलं. आपली कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं रेडिओनाव, सांगितली. "अब्बा, मी सना. आवाज येतोय?"

खरखर नाही, काही नाही. क्षणभर मला वाटलं, मिरच्यांवरून उडी मारून फजलभाई आत गेले की काय. मग सेटमधून फजलभाई बोलले, इतके जवळून की मारोतीने दचकून मागे पाहिलं.

"येतोय. स्वच्छ. एकदम स्वच्छ येतोय, बेटा. तू कुठे आहेस? धक्क्यावर?"

"नाही, अब्बा. बोयाच्या पुढे. पाण्यात."

त्यावर पनवेलचे किसनराव मध्ये आले. "ऐकतोय आम्ही पण. फर्स्ट क्लास सिग्नल. फजलसाहेब, मुबारक हो!" ठाण्याहून आणखी कोणी मुबारक म्हणालं. मग त्यांच्याही लक्षात आलं असावं आपण कशाचं अभिनंदन करतोय, कारण पुढचं कोणी बोललं नाही.

सनाने पुन्हा बटण दाबलं. तिचा अंगठा पांढरा पडला होता, पण आवाज वर्गात हजेरी घेतल्यासारखा सरळ.

"अब्बा, मशीन आता चालतंय. इथून हळू बोललं तरी घरात ऐकू येतंय. शोएबला परवा कळवायचंय. मी काय करू? घरी येऊन मशीनपुढे बसू, की म्हसळ्याला जाऊ? तुम्ही सांगाल तसं करीन. पण आता सांगा."

तिने बटण सोडलं. होडी हेलकावत होती. मारोतीने डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. मी घड्याळ पाहिलं नाही, पण तीन मिनिटांपेक्षा जास्तच गेली असतील. नाही उत्तर आलं तर मी ह्या मुलीला कोणत्या तोंडाने परत न्यायचं, हे मी ठरवत होते.

मग सेट खुट्ट वाजला. आधी नुसता श्वास ऐकू आला.

"म्हसळ्याला जा, बेटा," फजलभाई म्हणाले. "आधी इद्दत पाळ, मग जा. हेडमास्तरांशी मी बोलतो, थांबतील ते. तू आहेस तिथूनच त्याने त्या दिवशी हाक मारली असणार. मी गच्चीवर चढलो नव्हतो." पुन्हा श्वास. "मुझम्मिल मेला, सना. माझा मुलगा मेला."