खालची रांग

वडिलांनी सिगार पांढऱ्या कागदावर हलकेच आपटला. चिमूटभर तपकिरी भुकटी पडली. पानावर टाचणीने टोचल्यासारखं भोक होतं.

"पाहुणे आलेत, ठमे. जेवून तृप्तही झालेत."

अकरा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा त्यांनी लेकीला शब्द देऊन सिगार सोडला होता. पेटी तेवढी ठेवली, नुसती बघायला. येणाऱ्याजाणाऱ्याला लेकच ती उघडून दाखवी. अजून भरलेली आहे, म्हणे.

तिने वरची रांग पिशवीत भरली. खाली हात घातला, तशी त्यांनी पेटी स्वतःकडे ओढली.

"ती मी भरतो."

"का? मी काय खाणार आहे?"

"तुझा हात जड. दुकानात बाइंडिंगला बसवलं होतं, तेव्हा तीन पुस्तकं उलटी शिवलीस."

ती हसली. खुर्चीवरचा त्यांचा स्वेटर धुवायला उचलला आणि सवयीने नाकाशी नेला.

"पेटी उघडली की लागतो वास," ते वर न बघता म्हणाले. "कीड मरायला आज फ्रिजमध्ये, मग तीन दिवस फ्रीझरला, परत एक दिवस फ्रिज. घाई केलीस तर पान तडकेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सिगरेट वगैरे?"

वडिलांनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "अकरा वर्षांत एकही नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग मान खिडकीकडे वळवली. दुपारी सगळं संपलं.

घरी परतल्यावर तिने चपलाही न काढता पिशव्या फ्रीझरमध्ये सरकवल्या. पुढचे दिवस तिने त्यांनी सांगितल्याबरहुकूम पाळले, आणि पाचव्या दिवशी सिगार कागदावर मांडले.

वरच्या रांगेची चाळण झाली होती. खालच्या रांगेतल्या बारांपैकी एकालाही भोक नव्हतं.

तिने एक दाबून पाहिला. लाकडासारखा कडक. वडिलांच्या कटरने मधोमध कापला, तर आत कागद. चहाच्या पाण्यात रंगवलेला, पदरावर पदर घट्ट गुंडाळलेला. जोडावर वाळलेल्या खळीची निळसर रेघ. ते खळीत मोरचूद घालत. त्यांनी बांधलेल्या पुस्तकाला कधी कीड लागली नव्हती.

तिने दुसरा कापला. तिसरा. प्रत्येकावर सिगारची खरी पट्टी, एका उंचीवर, केसभरही तिरकी नाही. किती निगुतीने केलं होतं. आणि हे सगळं एका माणसाला फसवायला.

डॉक्टरांना उत्तर तिने दिलं होतं. वडिलांनी ते तसंच राहू दिलं.

तिने बाराही सिगारांचे तुकडे-तुकडे केले. कचऱ्याची बादली आणायला उठली, तर वाटेत खुर्चीवर तो स्वेटर होता; धुवायचा राहूनच गेलेला. तिने तो उचलला आणि नाकाशी धरला.

"पेटीचा वास नव्हता तो, बाबा," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली. "मला कळायचं. रोज कळायचं."