चौथ्या वळणावरचा खोकला

अकलानचा ट्रक खोकायचा तेव्हा डोंगरातल्या सात गावांतल्या शेळ्या चरायच्या थांबायच्या. शेळ्यांचं सगळेच सांगतात. पण आठव्या गावातली एक म्हातारी तो खोकला ऐकून मध आणि काळं जिरं घेऊन घराबाहेर पडली होती, हे फक्त वर्दा सांगायची. आणि वर्दा अकलानची बायको, तिच्याशी वाद कोण घालणार?

खोकल्याचं कारण तसं साधंच होतं. तिहामाचा किनारा खाली, तिथली हवा जाड. गाव वर ढगांत, तिथली हवा पातळ. पातळ हवेत इंजिनाला पेट्रोल कमी लागतं. म्हणून त्या वाटेवरचे ड्रायव्हर दोन जेट बाळगायचे. वाटाण्याएवढा पितळेचा तुकडा, मधोमध पेट्रोल सोडायचं भोक. मोठ्या भोकाचं जेट किनाऱ्याचं, बारीक भोकाचं डोंगराचं. मधल्या घाटात चहाच्या टपरीशी थांबायचं, कार्बोरेटर उघडायचा, जेट बदलायचं, नको ते डोक्याच्या फडक्याच्या टोकाला गाठ मारून ठेवायचं, चहा प्यायचा आणि निघायचं.

अकलान वर येताना थांबायचाच नाही. घरी यायची घाई! मग ट्रक किनाऱ्याच्याच जेटवर चढायचा, लग्नाचं जेवून डोंगर चढणाऱ्या मामासारखा धापा टाकत, काळा धूर ओकत. चौथ्या वळणावर तीनदा खोकायचा. खक्, खक्... आणि तिसरा जरा उशिरानं, खक्.

पहिल्याला वर्दा चूल पेटवायची, तिसऱ्याला किटली चढवायची. कॉफीच्या सालींचं पाणी उकळून त्यात आलं पडेपर्यंत हा दारात उभा.

"अहो, परत माझं धुणं काळं केलंत!"

"पुढच्या खेपेला बदलतो जेट. अल्लाशप्पथ."

असं तो अकरा वर्षं म्हणाला. मग दोन वर्षांसाठी रियाधला बांधकामावर गेला आणि त्या दोनाची तेरा झाली.

ट्रक राहिला घराखालच्या गोठ्यात. वर्दानं कुणाला हात लावू दिला नाही. वर्षातून एखादी कॅसेट यायची, त्यात अकलानचा आवाज असायचा, "पुढच्या ईदला नक्की." रोज दुपारी ती गच्चीवर जाऊन बसायची. खालून चढणारा प्रत्येक ट्रक तिला आवाजावरून कळायचा. हा मिठाचा, हा कांद्याचा, हा कुणाचा तरी नवरा. आपला नाही.

आणि एक दिवस कॅसेटमध्ये अकलान म्हणाला, "वर्दा, कायमचा येतोय. गुरुवारी बसनं मधल्या घाटापर्यंत येईन. तिथं माझा ट्रक धाडून दे. दुसऱ्याच्या गाडीतून पाहुण्यासारखा यायचो नाही मी."

वर्दानं ती कॅसेट इतक्यांदा ऐकली की फीत झिजली आणि अकलान बोबडं बोलायला लागला. मग तिनं मुक्बिल मिस्त्रीला बोलावलं.

मुक्बिल अकलानचा चुलतभाऊ. गालात कात नावाच्या नशेच्या पाल्याचा गोळा, तोंडात फुशारकी. त्यानं बॉनेट उघडलं. आतल्या कार्बोरेटरमध्ये गांधीलमाश्यांचं घर होतं, आणि शेजारी एक पाल अशी निवांत बसलेली, की दोघंही दिसताच तिनंच विचारावं, कोण पाहिजे?

"हा गेला वहिनी," मुक्बिल म्हणाला. "मी दोन आणलेत. हा सानाच्या बाजारातला, कोरा. आणि हा पडलेल्या बसचा."

"कोरा लाव बघू."

कोरा लावला. ट्रक पहिल्या फटक्यात चालू. मुक्बिलनं इंजिनावर चहाचा पेला ठेवला, चहावर तरंगसुद्धा उठेना.

"बघा! लोणी आहे लोणी!"

वर्दा डोळे मिटून ऐकत होती. "भाऊजी, हा दुसऱ्याच बाईचा नवरा वाटतो. काढा."

मग बसचा लावला. तो नाकात बोलायला लागला. "हा तर माझा सासरा! काढा, काढा आधी."

"मग राहिलं काय? ही पाल?"

"जुनाच दुरुस्त करा."

मुक्बिलनं कपाळावर हात मारला, पण बसला. सगळे भाग रॉकेलमध्ये भिजवले. पेट्रोलवर तरंगणारा पोकळ पितळी फ्लोट कानाशी हलवला तर आत डुचमळलं. गरम पाण्यात बुडवला तेव्हा एका जागेवरून बुडबुडे आले. तिथं छिद्र. डाग दिला, परत बुडवला, बुडबुडे बंद. शेवटी जेट काढून उन्हात धरलं.

"हे किनाऱ्याचंय वहिनी. डोंगराचं कुठाय?"

"त्यांच्या फडक्याच्या गाठीत. तसंच गेलं परदेशी."

"काही हरकत नाही, माझ्याकडे आहे एक. बारीक भोकाचं टाकतो, सरसर चढेल."

"तेच राहू दे."

"अहो, धूर ओकेल! पेट्रोल उंटासारखं पिईल!"

"पिऊ दे. तेरा वर्षं उपाशी आहे."

"आणि खोकेल."

वर्दानं त्याच्या हातातलं जेट पदराला पुसलं आणि परत त्याच्याच हातात ठेवलं. मुक्बिलनं तिच्याकडे बघितलं, गालातला गोळा या गालातून त्या गालात ढकलला, आणि किनाऱ्याचं जेट परत बसवलं. हळू चालीचा स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत, मग दोन फेरे बाहेर. ट्रक घसा खाकरून बोलायला लागला. वर्दा पदरानं तोंड झाकून घरात निघून गेली.

गुरुवारी मुक्बिल ट्रक घेऊन खाली गेला. वर्दानं घरातलं होतं नव्हतं ते सगळं पांढरं धुऊन गच्चीवर वाळत घातलं. मुद्दाम! चुलीत काटक्या रचल्या, किटली भरून ठेवली, काडेपेटी मुठीत धरली आणि गच्चीच्या कडेला जाऊन बसली.

उन्हं कलली तेव्हा एक इंजिन ऐकू आलं. सरसर चढणारं. दुसरं वळण, तिसरं वळण. चौथं वळण आलं आणि गेलं, आवाजात एक सुरकुती नाही.

कुणाचा तरी ट्रक. आपला नाही. आपला एव्हाना यायला हवा होता. म्हणजे बस आली असणार, आणि त्या बसमधून तो उतरला नसणार. वर्दानं काडेपेटी खाली ठेवली आणि रस्त्याकडे पाठ केली. तेरा वर्षांत तिनं पाठ कधी केली नव्हती.

"वर्दा! धुणं बघ गं, पांढरं आहे ना?"

ती उठली. खाली तिचाच ट्रक. शेजारी पांढऱ्या दाढीचा एक वाकलेला माणूस, फडक्याची गाठ सुटलेली.

"बदललं जेट मी! तेरा वर्षं गाठीला होतं. शप्पथ घेतली होती ना?"

"मी नको म्हणत होतो वहिनी!" मुक्बिल ट्रकमधून ओरडला. "बसमधून उतरला तो थेट बॉनेटात घुसला! माझं ऐकतो कोण?"

वर्दा गच्चीवरून वाकून म्हणाली, "किटली नाही ठेवली."

"का?"

"कुणी खोकलंच नाही."

अकलान तिच्याकडे बघत राहिला. मग गच्चीभर फडफडणाऱ्या पांढऱ्या कपड्यांकडे. उंबऱ्याकडे निघालेला पाय त्यानं मागे घेतला.

"मुक्बिल, पाना दे."

"अरे, आधी आत तर जा! बायको उभी आहे!"

"पाना दे म्हणतो ना!"

किनाऱ्याचं जेट परत बसवलं आणि अकलान ट्रक घेऊन पुन्हा घाट उतरायला लागला. आत्ता कुठं आलेला माणूस, आपणच परत धाडला! आवाज लहान होत गेला, डोंगरानं गिळला. गच्चीवर फक्त कपड्यांची फडफड. ती धावत खाली गेली, काडेपेटी घेऊन चुलीपाशी बसली, कान खिडकीशी.

बराच वेळ काहीच नाही.

मग खक्. तिनं घाईनं काड्या ओढल्या, पहिल्या दोन विझल्या.

खक्.

चूल पेटली. तिनं किटली उचलली आणि हातातच धरून राहिली. तिसरा नेहमीच उशिरा यायचा.