काचेवरची साल

दिवसभर लोकांचे चष्मे पुसून चष्मेवाला घरी आला, तेव्हा भांडी सिंकमध्ये, कपडे दोरीवर आणि बायकोचा प्लास्टरमधला पाय उशीवर, असे सगळे त्याचीच वाट पाहत होते. बायको स्टुलावरून पडल्यापासून स्वयंपाकघर त्याच्याकडे होतं आणि तिच्याकडे तिच्या धाकट्या भावाचा गेम. दोन्ही हातांत धरून खेळायचा, स्क्रीनवाला. देतानाच भावाने बजावलं होतं, "ताई, खेळ हवं तेवढं. फक्त दाजींच्या हातात देऊ नकोस."

हे चष्मेवाल्याच्या जिव्हारी लागलं होतं. अख्खा जन्म काचा सांभाळण्यात गेला, आणि हा कालचा पोर आपल्याला काच शिकवणार!

"अहो, स्क्रीन बघा किती बरबटलीय. राक्षस कुठला नि दगड कुठला, काही कळत नाही."

"आण इकडे."

"जपून हं. त्याने सांगितलंय..."

"त्याने काय सांगितलंय ते पाठ आहे मला."

त्याने खिशातलं मऊ फडकं काढून स्क्रीन हलक्या हाताने पुसली. डोळे मिटत होते, पण बोटं अजून दुकानातच होती. नव्या चष्म्याच्या काचेवरची पातळ फिल्म नखाने सोलायची आणि मगच तो गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवायचा, ही त्यांची जुनी सवय. कोपऱ्यात कड लागली आणि बोटांनी साल काढली. अलगद, एका दमात.

तेवढ्यात भावाचा फोन आला. बायकोने स्पीकर लावला.

"ताई, एक राहिलंच. स्क्रीनवरची फिल्म कंपनीची आहे, ती काढायची नसते. गेम पडलाच तर काचा उडू नयेत म्हणून असते ती."

चष्मेवाल्याच्या तळहातावर फिल्मची सुरळी झाली होती. त्याने ती परत बसवून पाहिली. ती लगेच वर उठली.

बायकोने सुरळीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. दोघांत फारसा फरक नव्हता.

"मी काढली रे ती."

"तू? तुझ्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालं नाही! दाजींना दे फोन."

"ते झोपलेत."

चष्मेवाला समोर खुर्चीत टक्क जागा होता. कबूल करावं म्हणून त्याने तोंडही उघडलं. बायकोने डोळे वटारले. तिला खोटं पाडणं बरं दिसलं नसतं. त्याने डोळे मिटले, आणि मेव्हण्याचा पुढचा टोमणा येईस्तोवर तो घोरूही लागला होता.