वॉर्डातले पाच

पुण्यात आई कोविड वॉर्डात होती. हॉस्पिटलच्या वेबसाइटवर मी व्हिडिओ कॉलसाठी संध्याकाळचे पाच निवडले आणि इथे ऑस्ट्रेलियात, स्कोफिल्ड्सच्या घरी, चार वर्षांच्या स्पृहाला तयार करून बसवलं. आजीला तिला एकदा बघायचं होतं. पाच वाजून गेले तरी स्क्रीनवर कुणीच आलं नाही, म्हणून मी वॉर्डात फोन लावला.

"ताई, तुमची वेळ पाचचीच आहे. इथे आत्ता कुठे दुपार होतेय," सिस्टर म्हणाल्या.

नोकरीत मी वेबसाइटचंच काम करते, त्यामुळे घोळ लगेच कळला. वेबसाइटने डेटाबेसला नुसते 'पाच' पाठवले होते, कुठल्या देशातले ते सांगितलंच नव्हतं. त्याने भारतातले धरले. म्हणजे आमचे रात्रीचे साडेनऊ.

साडेनऊला आई दिसली. मास्कमधून म्हणाली, "चिमणी कुठंय माझी?"

"झोपली गं. उठवते थांब."

"वेडी का खुळी? झोपलेल्या लेकराला उठवतात का कधी? उद्या बोलू."

मी उठवलं नाही.

सकाळी नीट हिशेब करून तिथल्या दुपारची वेळ घेतली, म्हणजे स्पृहा जागी असेल. ती वेळ व्हायच्या आधीच दादाचा फोन आला. आई गेली होती.