कोनाड्याची उंची

माह्या घरातलं बाथरूम चार बाय सहाचं हाय. एवढ्याशा जागेत मानसानं काय काय बसवावं याले काही लिमिट असते, पन माह्या पोराले अन् सुनेले ते कोन सांगनार? मी रूपराव, वडनेरचा. पराटी, तूर, सोयाबीन पेरतो. पोरगा धनंजय हिंगनघाटले जिनिंगमंदी सुपरवायझर हाय, सून वर्षाली जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीन. दोघंही शिकलेले, म्हनून दोघंही मोबाइलवर लोकायचे बाथरूम पाहतात.

झालं असं का, मागल्या साली मनकर्णा, म्हनजे माही बायको, याच बाथरूममंदी घसरली. खुबा मोडला. वर्ध्याले ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन चालते, पन वाकता येत नाई. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून आंग धुते. अन् साबन खाली, मग्गा खाली, बकेट खाली. म्हनून कोनीतरी बाजूले पायजे. वर्षाली तयार होती, पन बुढीनं साफ नाई म्हनलं. "सुनेसमोर मले लाज वाटते माय." मंग राह्यलं कोन? मी.

पह्यले मलेही कसंतरी वाटलं, खोटं कायले बोलू! गावातले वासुदेवराव तं पारावर सगळ्यायसमोर म्हने, "काय रूपराव, सकायी दिसत नाई, ड्युटी लागली का?" मी म्हनलं, "लागली. तुले कोनी लावत नाई त्याले मी काय करू?"

पन एक गोस्ट हाय. आमच्या घरात नवरा-बायकोनं बोलाची पद्धतच नव्हती. भांडन नव्हतं, बाप्पा, तसं काही समजू नका. बैलाले पानी पाजलं का, पाव्हने किती हायेत, डाळ भरडून आनली का, एवढंच बोलनं. पह्यले माह्या मायबापासमोर लाज, मंग पोरासमोर, मंग सुनेसमोर. अन् या बाथरूमचं दार लोटलं का, पानी ओतता ओतता बुढी बोलाले लागली! मले समजलं का तिले वांग्याची भाजी बिलकुल आवडत नाई. जिंदगीभर माह्यासाठी वांगे शिजवले अन् सोता नुसता रस्सा खाल्ला. मले समजलं का तिले पोहता येते. माहेरी, आर्वीकडे, भावायसंगं विहिरीत उड्या मारे. मी तिचा नवरा, अन् मले पोहता येत नाई. तिच्या पाठीले साबन लावता लावता मी इचारलं, "अवं, हे आधी काऊन नाई सांगतलं?" ती म्हने, "तुमी कधी इचारलं?"

माहा सारा दिवस एकीकडे अन् तो अर्धा घंटा एकीकडे, असं होऊन गेलतं. मी हे कोनाले बोललो नाई. बोलाची गोस्टच नाई ते.

मंग एका रविवारी धनंजय मोबाइल घेऊन बाजूले येऊन बसला. "बाबा, आता तुमाले सुटी," म्हने. "हे पाहा. खाली खरबरी टाइल, पाय सटकनार नाई. भिंतीले पांढरी, जागा मोठी दिसल. इथं धराले दांडी, हाती घ्याचा शॉवर. अन् इथं भिंतीतच निश. साबन, शाम्पू, मग्गा सारं त्यात. बसल्या बसल्या आईचा हात पोचल. कोनाची गरज नाई."

कोनाची गरज नाई. पोट्टं किती खुशीत बोलून राह्यलं होतं.

मनकर्णानं मोबाइल हाती घेतला. "म्हनजे मी एकटीच धुईन?"

"एकटीच. आतून कडी लावून."

बुढी हसली. ऑपरेशननंतर मी तिले असं हसताना पाह्यलं नव्हतं. मले लय राग आला. कोनावर आला ते समजत नव्हतं, म्हनून मी कोनाड्यावर काढला.

"निश म्हनजे कोनाडाच नं?" मी म्हनलं. "कोनाडा दिव्यासाठी असते. साबनासाठी कोनी भिंत फोडते का?"

भिंत कमजोर हाय, मी सांगतलं. धनंजयनं तानबा मिस्तऱ्याले आनलं. तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालात सारून त्यानं भिंतीवर थापा मारल्या अन् नऊ इंची हाय, बिनधास्त कापतो, म्हने. पानी मुरल, मी सांगतलं. वर्षाली म्हने, वॉटरप्रूफिंग करू अन् कोनाड्याच्या तळाले बाहेरच्या बाजूनं थोडा उतार देऊ, मामाजी. या पोरीले सगळं मालूम असते. टाइल घ्याले मीही संगं गेलो, मुद्दामच गेलो. पांढरी दाखवली, मी म्हनलं दवाखाना वाटते. बदामी दाखवली, मी म्हनलं मळकट वाटते. दुकानदारानं दोन खेपा चहा पाजला. शेवटी वर्षालीनं इचारलं, "मामाजी, तुमाले कोनती पायजे?" मी डॉल्फिनवाली दाखवली. निळ्या पान्यातून डॉल्फिन उडी मारून राह्यला. मले वाटलं वर्षाली नाई म्हनल, तेवढीच गोस्ट लांबल. ती म्हने, "छान हाय. पांढऱ्या टाइलमधून याची एक लाइन फिरवू. आईले आवडल."

आता वडनेरले माह्या बाथरूममंदी डॉल्फिन हायेत. इलाज नाई.

काम सुरू झालं. तवरिक बुढीसाठी आंगनात बांबूचे टट्टे बांधून न्हानी केली. वर्षालीनं पांढऱ्या टाइला आंगनात मांडून पाह्यल्या, कोनाडा बरोबर सांध्यावर यावा अन् बारीक तुकडे लावा लागू नये म्हनून. धनंजयनं मायले स्टुलावर बसवलं, तिचा हात लांब कराले लावला, अन् बोटं पोचले तिथं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. मंग तिले आंगनात बसवून दोघंही आपापल्या कामाले गेले. तानबा खर्रा आनाले चौकात गेलता.

मी ओलं फडकं घेतलं, ती रेघ पुसली, अन् माह्या छातीच्या सरळ रेषेत दुसरी मारली.

तानबाले रेघ दिसली का तो कापते. काऊन, कायले, असं इचारत नाई. कोनाडा कापला, टाइला लागल्या, सांधे भरून झाले. जिनिंगच्या सीझनमुळे धनंजय अंधार पडल्यावर घरी ये, वर्षालीची ट्रेनिंग चालू होती. दोघांयनं डोकावून पाह्यलं, पन उभ्या मानसाले तो कोनाडा बरोबरच दिसे. एकदम फस्ट क्लास, म्हनले दोघंही.

मंग रविवारी मनकर्णाले आत नेलं. ती स्टुलावर बसली. हात वर केला. बोटं कोनाड्याच्या खालीच राह्यले. तिनं अजून तानला, अन् खुब्यात कळ आली तसा खाली घेतला.

धनंजयचं डोकं फिरलं. "तानबाभाऊ, हे काय करून ठेवलं? मी रेघ कुठं मारलती?" तानबा म्हने, "पोराची शपथ, भाऊ, रेघ इथंच होती!" दोघायचा आवाज वाढला. मी दारात उभा राहून डॉल्फिन मोजून राह्यलो होतो.

"तानबाले काऊन बोलतं?" मनकर्णा म्हने. "तुह्या बाबाले इचार. ज्यायनं जिंदगीत फडकं हाती घेतलं नाई, ते त्या दिवशी ओलं फडकं घेऊन इथं आलते."

सारे माह्याकडे पाहाले लागले. डॉल्फिनही.

"बाबा? काऊन?"

"खालून भिंतीले ओल हाय," मी म्हनलं. कोनालेच पटलं नाई. मलेही नाई.

मनकर्णानं सगळ्यायले चहा घ्याले पाठवलं. आत आमी दोघंच राह्यलो.

"आता सांगा," ती म्हने.

"काय सांगू? तू आतून कडी लावशीन."

"हाव, लावीन."

"मंग मी काय करू?" मी म्हनलं. एवढा मोठा मानूस, बाथरूममंदी उभा राहून रडून राह्यला. इतकी शरम मले कधी वाटली नाई.

ती म्हने, "अजी, वर्षभर तुमी माहं सारं केलं. कोनी करत नाई एवढं केलं. पन मी रोज देवाले एकच मांगे, का माहं आंग मले माह्या हातानं धुऊ दे."

वर्षभर. मी पाठ घासे, गोस्टी आयके, खुश होत जाय, अन् ती तिथं बसून हे मांगून राह्यली होती! मले लय लागलं ते. पन हे तिनं सांगतलं, मी कधी इचारलं नव्हतं.

मी पेन्सिल घेतली. तिचा हात धरून लांब केला, बोटं टेकले तिथं रेघ मारली, अन् तानबाले हाक दिली. "खाली अजून एक काप. ही रेघ पक्की हाय." उरलेल्या टाइला त्यात लागल्या. वरचा कोनाडा तसाच ठेवला, त्यात वर्षालीनं तिचे शाम्पू मांडले.

सांधे वाळले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकायी मनकर्णा वॉकर टेकत आत गेली अन् आतून कडी लागली. मी बाहेर खुर्ची टाकून बसलो. काही कराले नव्हतं. धनंजय बेसिनजवळ दात घासून राह्यला होता, वर्षाली डबे भरून राह्यली होती. आतून पान्याचा आवाज आला. मंग बुढीचा.

"अजी! हाय का तिथं?"

"हाव. काय पायजे?"

"काही नाई पायजे. साबन सापडला. चूप काऊन बसले? बोला नं."

"अवं, घरात सारे हायेत!"

"आयकू द्या. एक गोस्ट सांगा. तुमी मले पाहाले आलते, तवा मी तुमाले पसंत होती का, का मामाजीनं, तुमच्या बाबानं, ठरवलं म्हनून हाव म्हनलं?"

धनंजयचा ब्रश तोंडातच थांबला. वर्षालीनं डब्याचं झाकन हातातच धरलं.

"पसंत होती," मी हळूच म्हनलं.

"काय? पान्याच्या आवाजात आयकू येत नाई!"

"पसंत होती म्हनलं!"

"आं?"

"पसंत होती! पाह्यल्याबरोबर पसंत होती!" मी ओरडलो. रस्त्यावरून जानारे वासुदेवराव फाटकाजवळ उभे राह्यले. राहू दे म्हनलं. अन् मंग माह्या ध्यानात आलं का आत नळ कवाचाच बंद झालता.