डाव्या पाकळीची खूण

चाळीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर फुलांचा नाद लागला, की फुलांना सरळ बसावं लागतं.

फोटोकाकांनी सार्वजनिक बागेतल्या आयरिसच्या फुलांपासून सुरुवात केली. बायको फुलामागे पांढरी चादर धरून उभी राही.

"मान जरा वर. हलू नका," काका फुलाला म्हणत.

"माझ्याशी कधी एवढ्या अदबीनं बोललात?" चादरीमागून विचारणा होई.

"तू कधी इतकी स्थिर बसलीस?"

बागप्रेमी मंडळाच्या कॅलेंडरात यंदा फक्त आयरिस होते. काकांना त्यात एक पान हवं होतं. त्यांचे हजारो फोटो फायलींत गेले, पाकिटांत गेले. भिंतीवर मात्र एकही लागला नव्हता.

मंडळाच्या अध्यक्ष म्हणजे बायकोची थोरली बहीण. ताईंनी काकांचे सतरा फोटो पत्त्यांसारखे पिसले.

"हे फूल आहे की फरार आरोपी? अहो, काहीतरी मोकळं, रानातलं आणा. हे बघा."

त्यांनी स्वतः काढलेलं मुखपृष्ठ पुढं सरकवलं. ओढ्याकाठी, धुक्यात, एकटाच निळा आयरिस. खाली ओळ: 'रानफूल. तीन दिवसांच्या पायपिटीनंतर टिपलेलं.'

काकांनी चष्मा पुसला. त्यांना नावं आठवत नसत, पण चेहरा ते कधी विसरले नव्हते.

"यांना मी ओळखतो. मंगळवारी बागेत माझ्यासमोर बसले होते."

त्यांनी गठ्ठ्यातून नववा फोटो काढून मुखपृष्ठाशेजारी ठेवला. डाव्या पाकळीला गोगलगायीनं घेतलेला चावा, त्याखाली एकमेकींवर फुली मारणाऱ्या दोन जांभळ्या शिरा. दोन्हीकडे तेच.

"अर्जात ओळखीच्या खुणेचा रकाना असतो," काका म्हणाले. "सवयीनं लक्ष जातं."

बायकोनं वाकून पाहिलं. "ताई, माळी बुधवारपासून विचारत हिंडतोय. तिसऱ्या वाफ्यातलं फूल कुणी कापलं म्हणून."

ताईंनी पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता, तरी त्या प्यायल्या.

"तीन दिवस खरंच हिंडले गं," त्या अखेर म्हणाल्या. "रानात एक फुललेलं दिसेल तर शपथ. चिखलात खोचलं की छान उभं राहतं मेलं." मग काकांकडे वळून हळूच, "माळ्याला सांगणार?"

"मला पान हवंय, ताई. चौकशी नकोय."

ताईंनी थोडा वेळ दोन्ही फोटोंकडे पाहिलं आणि आपला उचलून पर्समध्ये टाकला.

कॅलेंडर छापून आलं. मुखपृष्ठावर पांढऱ्या चादरीपुढं एक गंभीर आयरिस, डाव्या पाकळीला तोच चावा, नजर समोर, हसू नाही. माळ्यानं ते पाहताक्षणी आपल्या खोलीच्या भिंतीवर लावलं आणि खाली खडूनं लिहिलं: 'आपण यांना पाहिलंत का?'

काका रोज बागेत जाता-येता ती भिंत बघून येतात. चौकट अजून नाही, पण खिळा चांगला आहे.